खिंड किती रुंद होती?

‘डोकं घरी ठेवून जा, मग मजा येईल.’ अ‍ॅक्शनपट बघायला निघालेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. देणारा प्रेमानंच देतो. चित्रपट पडला की तो बनवणारे आणि त्यांचे चाहतेही तेच म्हणतात: हा मास सिनेमा आहे, यात लॉजिक शोधू नका. मला हे मुळीच मान्य नाही. मारामारीच्या चित्रपटांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. गेली पस्तीस वर्षं ते आवडीनं बघत आलोय. म्हणूनच सांगतो, प्रेक्षकाच्या जाग्या डोक्याची सगळ्यात जास्त गरज असते ती याच चित्रपटांना. कोण कुठे उभा आहे, दार कुठल्या बाजूला आहे, बंदुकीत गोळ्या किती उरल्यात, कुणाचा खांदा निकामी झालाय, हा हिशेब प्रेक्षकाच्या मनात चालू असेल तरच पुढचा ठोसा त्याला लागतो. हिशेब थांबला की पडद्यावर नुसता आवाज उरतो.

गेल्या काही वर्षांत मी हा नुसता आवाज फार ऐकला. दोन-अडीच तास गाड्या उडतात, इमारती कोसळतात, नायक काचा फोडत खाली येतो, आणि बाहेर पडून गाडी काढेपर्यंत त्यातलं एकही दृश्य आठवत नाही. मागच्या वर्षी भाच्याला घेऊन गेलो होतो. तो चौदा वर्षांचा, अशा चित्रपटांचा हक्काचा प्रेक्षक. मध्यंतराआधीच त्यानं मोबाइल काढला. पडद्यावर त्या वेळी एक विमान पेटलं होतं.

माझं लहानपण कोल्हापूरला गेलं, त्यामुळे मारामारी ‘बघायची’ कशी, हे मी चित्रपटगृहात जाण्याआधी खासबागेत शिकलो. शाहू महाराजांनी बांधलेलं ते कुस्तीचं मैदान. रोमचं कलोझियम पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं कोल्हापुरात सांगतात. मधला हौदा खाली आणि लोक चहूबाजूंनी चढत्या उतारावर. कुठेही बसा, लाल माती दिसते. बांधणाऱ्यानं पहिला विचार केला तो बघणाऱ्याच्या डोळ्यांचा. हलगी कडाडत असते, दोघे पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करत असतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की काहीच घडत नाहीये. पण शेजारचा म्हातारा पुढे झुकलेला असतो. त्याला दिसलेलं असतं की डावीकडच्यानं पाय जरासा मागे घेतलाय, म्हणजे आता हा पट काढणार. पट निघतो, समोरचा सुटतो, आणि सगळं मैदान एकदम श्वास सोडतं. त्यानंतर ढाक लागो की धोबीपछाड, आधीच्या दहा मिनिटांची ताकद त्या एका क्षणात असते.

त्या उतारावर हमाल होते, ऊस तोडणारे होते, शाळा चुकवून आलेली पोरं होती. ‘मास’ म्हणतात तो हाच. त्यातल्या कुणीही डोकं घरी ठेवलेलं नव्हतं. हा पैलवान आता काय करणार, हे त्यांना जेवढं कळायचं तेवढं एखाद्या जाणकार समीक्षकालाही कळलं नसतं. म्हणून सामान्य प्रेक्षकाला हेच आवडतं असं कुणी म्हणालं, की मला राग येतो. सामान्य प्रेक्षकाची नजर किती तयार असते, हे मी पाहिलंय.

हिंदी चित्रपटांनीही ही नजर एके काळी ओळखली होती. ‘दीवार’मधली गोदामातली मारामारी आठवून बघा. 1975 चा चित्रपट. गोदीतल्या हमालांकडून हप्ता उकळणाऱ्या टोळीला विजय नकार देतो. पीटर आणि त्याची माणसं त्याला सगळीकडे शोधत फिरतात, आणि तो त्यांच्याच गोदामात पाय पसरून बसलेला असतो. ते आत आल्यावर तो दाराला कुलूप लावतो आणि किल्ली पीटरकडे फेकतो. आता ती तुझ्याच खिशातून काढून घेईन म्हणतो. या एका कृतीनं सगळं मांडून होतं: जागा बंद झाली, बाहेर पडायची अट ठरली आणि माणूस एकटा आहे हे कळलं. पुढची हाणामारी आजच्या मानानं साधी आहे, काही ठोसे उघड उघड हवेत जातात. पण ती संपल्यावर विजय बाहेर येतो, रक्ताळलेला, दमलेला, आणि नळापाशी जातो. दाराबाहेर जमलेले हमाल त्याच्याकडे बघत राहतात. जिंकलेल्या माणसालाही तहान लागते. हा नळ आजच्या कुठल्या चित्रपटात दिसतो?

त्याच वर्षीच्या ‘शोले’तली मालगाडीची लढाई आणखी मोठी. पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर ती चित्रित करायला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला होता. घोड्यांवरून येणारे डाकू, इंजिनात कोळसा ओढणारा वीरू, डब्यांच्या टपावरून पळणारा जय, रुळांवर रचलेले ओंडके फोडून पुढे जाणारी गाडी. एवढा वेळ घेऊनही तो तमाशा नुसता तमाशा राहत नाही, कारण शेवटी ठाकूर जखमी होऊन पडतो आणि या दोन चोरांना ठरवायचं असतं: पळून जायचं, की याला दवाखान्यात न्यायचं? नाणं उडतं. त्या नाण्यामुळे पुढे ठाकूर त्यांनाच शोधत येतो. ही मारामारी काढून टाकली तर चित्रपटाची गोष्टच उभी राहत नाही. माझी कसोटी हीच आहे. एखादी फाइट कापून टाकली आणि कथेला काहीच झालं नाही, तर ती फाइट गेली काय आणि राहिली काय.

आज बहुतेक मोठ्या अ‍ॅक्शनपटांतली बहुतेक दृश्यं अशी कापता येतात. यामागे एक कामाची पद्धत आहे. प्रदर्शनाची तारीख आधी ठरते, ईद किंवा स्वातंत्र्यदिन. मग परदेशातली ठिकाणं ठरतात. एका ठिकाणी पाठलाग, एका ठिकाणी बोटी, एका ठिकाणी बर्फ, असे तुकडे ठरतात, आणि त्यांना जोडणारी कथा अनेकदा मागाहून त्यांच्यामध्ये भरली जाते. मोठ्या नटाच्या तारखा थोड्या, म्हणून त्याचा चेहरा लागतो तेवढे शॉट तो देतो. बाकीचं डुप्लिकेट करतो, उरलेलं संगणकावर होतं. या सगळ्या तुकड्यांची शिवण दिसू नये म्हणून संपादक अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला कट मारतो. वेग हवा म्हणून तो कट आलेला नसतो, झाकायचं असतं म्हणून येतो. आणि झाकलेलं प्रेक्षकाला कळतं. नेमकं काय चुकलं हे त्याला सांगता येणार नाही, पण त्याचा हात मोबाइलकडे जातो.

हे दुखणं फक्त आपलं नाही. ‘टेकन 3’मध्ये नायक एका जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो, तेवढ्या पाच-सहा सेकंदांच्या दृश्यात चौदा-पंधरा कट आहेत. जगभर त्याची चर्चा झाली, कारण एवढे कट बघूनही माणूस कुंपण कसा ओलांडून गेला हे कळत नाही. पण वेगवान संपादन म्हणजेच वाईट, असंही नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ 2015 चा. दोन तासांच्या चित्रपटात सुमारे 2,700 कट, आणि तरीही कुठली गाडी कुणाच्या मागे आहे याबद्दल क्षणभर गोंधळ होत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं छायालेखक जॉन सील यांना सांगून ठेवलं होतं की महत्त्वाची गोष्ट नेहमी चौकटीच्या मधोमध ठेवायची, म्हणजे कट झाला तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. सुमारे 480 तासांच्या चित्रीकरणातून मार्गारेट सिक्सेल यांनी तो चित्रपट संपादित केला आणि त्याबद्दल त्यांना ऑस्कर मिळालं. शाहू महाराजांनी खासबागेचा उतार बांधताना जो विचार केला, तोच हा: बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पैशांचाही संबंध नाही. ‘द रेड’ हा 2011 चा इंडोनेशियातला चित्रपट सुमारे अकरा लाख डॉलरमध्ये झाला. आपल्याकडचे मोठे अ‍ॅक्शनपट ज्या शेकडो कोटींच्या गोष्टी सांगतात, त्यांच्यापुढे ही रक्कम किरकोळ. एक इमारत, तिचे मजले, प्रत्येक मजल्यावर शत्रू, आणि पेंचाक सिलाट ही तिथली मातीतली युद्धकला वर्षानुवर्षं शिकलेली माणसं. एवढ्यावर तो जगभर गेला.

आपल्याकडे माणसंच नाहीत असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. टायगर श्रॉफचं उदाहरण घ्या. 2019 च्या ‘वॉर’मध्ये त्याच्या प्रवेशाची मारामारी दोन-अडीच मिनिटं सलग चालते. एका घरात, अनेक माणसांशी. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो, आणि ती प्रत्येक हालचाल त्याची आहे हे आपल्याला दिसतं. थिएटरमध्ये तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, त्यातल्या काही माझ्या. हाच नट 2024 च्या ईदला ‘बडे मियाँ छोटे मियाँ’मध्ये आला. सोबत अक्षय कुमार, म्हणजे मार्शल आर्ट्‍स खरोखर शिकलेला आणखी एक माणूस. दोघांची अंगं तयार, पैसा अमाप. तरी त्या चित्रपटातली एक हाणामारी मला आज सांगता येणार नाही. स्फोट आठवतात, धूर आठवतो, चालत येणारे दोन नायक आठवतात. खलनायकाच्या हाताशी क्लोन केलेले सैनिक आहेत. एक पडला की दुसरा येतो. शत्रूच्या मरण्याला जिथे किंमत नाही, तिथे नायकाच्या मारण्याला कुठून येणार? त्या दोघांना अंगातली कला दाखवायला कुणी दोन मिनिटांची मोकळी जागा दिली असती, तर तो चित्रपट निदान तेवढ्यासाठी लक्षात राहिला असता.

दुसरं दुखणं याहून खोल आहे. नायकाला आता काही होत नाही. पूर्वीचा नायकही शेवटी जिंकायचाच, पण मध्ये मार खायचा. त्याच्या ओठातून रक्त यायचं, एखादा हात गळ्यात बांधलेला असायचा. आता नटाची प्रतिमा एवढी जपली जाते, की तो खाली पडलेला दाखवायलाच लोक घाबरतात. त्याचा प्रवेश संथ गतीत, चालणं संथ गतीत, ठोसा संथ गतीत, आणि मागे छाती दडपवणारं पार्श्वसंगीत, जे आपल्याला सांगतं की आता थक्क व्हा. ज्याला हरण्याची शक्यताच नाही त्याच्यासाठी मी जीव मुठीत धरून का बसू?

याच बाबतीत ए. आर. मुरुगदास यांचे दोन हिंदी चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘गजिनी’ 2008 चा. त्यातला नायक अंगानं पहाडासारखा, पण त्याची स्मृती पंधरा मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही. शत्रू समोर असतानाच तो विसरू शकतो की हा शत्रू आहे. त्यामुळे प्रत्येक झटापटीत एक घड्याळ चालू असतं. चित्रपटात इतर दोष पुष्कळ होते, पण ही एक उणीव नायकाला दिल्यामुळे त्याच्या ताकदीला अर्थ आला. त्याच दिग्दर्शकाचा ‘सिकंदर’ 2025 च्या ईदला आला. कल्पना तर आणखी हळवी: नायकाची बायको जाते, तिचे अवयव तिघा अनोळखी माणसांना मिळतात, आणि त्या तिघांना वाचवायला तो मुंबईत येतो. जरा थांबून विचार करा. त्या तिघांपैकी एकाला लागलेला धक्कादेखील या माणसाच्या बायकोला लागणार आहे. हे मनात धरून एखाद्या फाइट मास्टरनं मारामारी रचली असती, तर नायक आधी त्या माणसांच्या आड उभा राहिला असता, स्वतः वार झेलले असते, मारण्यापेक्षा वाचवण्यात त्याची दमछाक झाली असती. प्रत्यक्षात मी पाहिलं ते नेहमीचंच: टोळ्या येतात, नायक उडवतो, टोळ्या संपतात. एवढी चांगली कल्पना वाया गेलेली पाहून मला वाईट वाटलं. नुसता वाईट चित्रपट पाहून असं वाटत नाही.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: म्हणजे तुम्हाला सगळं वास्तववादी हवंय का? नाही. ‘आरआरआर’मधलं बरंचसं अशक्य आहे आणि मी ते तीनदा पाहिलंय. सुरुवातीला हजारोंचा संतप्त जमाव, आणि त्यातून एका माणसाला पकडून आणायचा हुकूम. इंग्रजांच्या पोलिसांतला राम कुंपण ओलांडून एकटाच त्या गर्दीत उडी घेतो. असं कुणी करू शकत नाही. पण त्याला कुणाला पकडायचंय हे आपल्याला माहीत असतं, तो माणूस किती दूर आहे हे दिसतं, जमाव त्याला तुडवतो, डोकं फुटतं, तो परत उठतो, आणि शेवटी त्या एकाला ओढत आणतो तेव्हा त्याचं अंग रक्तानं माखलेलं असतं. एवढं करूनही साहेबाकडून त्याच्या पदरात काही पडत नाही. दहा मिनिटांत या माणसाबद्दल सगळं कळलं, आणि ते मारामारीतून कळलं. अशक्य गोष्टीलाही स्वतःचे नियम असतात. ते पाळले की आपण मुकाट मानतो. गावाकडच्या गोष्टीतला राक्षस आपण मानतोच की, कारण त्याचा जीव कुठल्या पोपटात आहे हे आजीनं आधी सांगितलेलं असतं.

2024 मध्ये आलेल्या निखिल नागेश भट यांच्या ‘किल’चं मला फार कौतुक वाटतं. पुन्हा रेल्वे, ‘शोले’नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. पण इथे मोकळं माळरान नाही. रात्रीची दिल्लीकडे निघालेली गाडी, डब्यातली अरुंद वाट, बर्थ, पडदे, संडासाचं दार, दोन डब्यांमधला हलता जोड. आपण सगळ्यांनी त्या वाटेवरून बॅग ओढलेली आहे, त्यामुळे तिथे हात फिरवायला जागा किती असते हे आपल्या अंगाला ठाऊक असतं. चित्रपटाचं नाव पडद्यावर येतं तेच जवळजवळ मध्यावर, नायकानं जिच्यासाठी गाडी पकडली ती मुलगी मारली गेल्यानंतर. तिथून त्याच्या मारण्याची जातच बदलते. आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते डाकूंनी. ते सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत. एक पडला की दुसरा त्याच्याजवळ बसून रडतो, काका म्हणून, भाऊ म्हणून. पडद्यावर मेलेल्या गुंडासाठी कुणी रडतंय असं मी याआधी कधी पाहिलं, मला आठवत नाही. तो चित्रपट अतिशय हिंस्र आहे, माझ्या बहिणीला तो मी दाखवणार नाही. पण त्यातली हिंसा स्वस्त नाही. प्रत्येक मृत्यूचं वजन कुणाच्या तरी मांडीवर पडतं.

हे वजन नाहीसं होण्याचा परिणाम चित्रपटगृहाबाहेरही होतो, म्हणून मी याला करमणुकीपुरता प्रश्न मानत नाही. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळे ठोकलेल्या बुटांनी ठार करतो. सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट झाला. मूळ शेवट लोकांना मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला तो थेट 2025 मध्ये. सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला तो काळ आणीबाणीचा होता. त्या सेन्सॉरची बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. कलाकाराच्या हातातून शेवट काढून घेणं चूकच. पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांत काय झालं बघा. आता वर्दीतला नायक स्वतःच गोळी घालतो, आणि टाळ्यांसाठी तिथे जागा सोडलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर 2023 मध्ये एका जाहीर भाषणात ‘सिंघम’चं नाव घेऊन हेच बोलून दाखवलं: पोलिसांनी एकट्यानं न्याय करून टाकायचा आणि न्यायालयं म्हणजे निव्वळ अडथळा, हा संदेश घातक आहे. बाजीराव सिंघमचं नाव आणि बोली आपली आहे. म्हणून महाराष्ट्रात तरी यावर जास्त बोललं जायला हवं होतं.

आणि आपल्याकडे याचं उत्तर 1983 मध्येच देऊन झालेलं आहे. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता आणि गोविंद निहलानींचं दिग्दर्शन: ‘अर्धसत्य’. त्यातला अनंत वेलणकरही वर्दीतलाच, तोही मारतो. पण त्याच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो, आणि तो मृत्यू त्याच्या मानेवर बसतो. त्याचा प्रत्येक फटका आधी त्याच्या स्वतःच्या आत कुठेतरी उमटतो: हवालदार बापाची दहशत, स्वतःचं दुबळेपण, दारू. गुंड रामा शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा तो काही क्षणांचा प्रसंग आहे. गाडी उडत नाही, संथ गती नाही. त्यानंतर तो स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात जातो. मी पहिल्यांदा तो चित्रपट टीव्हीवर पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी त्याला अ‍ॅक्शनपट म्हणणार नाही, पण ओम पुरींच्या त्या दोन हातांत जेवढी क्रिया आहे तेवढी आजच्या अडीच तासांत नसते.

‘खरंखुरं’ हवं म्हणताना एक धोकाही मला ठाऊक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये एका कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणात दोन नटांना हेलिकॉप्टरमधून तलावात उडी मारायला लावली. दोघे बुडाले. जुलै 2025 मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या सेटवर गाडी उलटवण्याच्या दृश्यात एक अनुभवी स्टंटमन गेला. असलं खरं मला नको आहे. कुणाचा जीव पणाला लागला तरच दृश्य चांगलं होतं, ही समजूत आळशी माणसाची आहे. चांगलं दृश्य होतं ते तालमीतून, महिनोन्‌महिने केलेल्या रचनेतून, कॅमेऱ्याची जागा विचार करून ठरवण्यातून. केबल लावा, हार्नेस लावा, संगणकावर ती तार पुसून टाका. त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. माणसाचं वजन तेवढं पुसू नका.

ज्यांच्या अंगावर हे सगळं चालतं त्यांना आपण किती ओळखतो? ‘शोले’तला बसंतीचा टांगा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तो हाकणाऱ्या रेश्मा पठाणचं नाव बहुतेकांना चाळीसेक वर्षांनी कळलं. राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांच्या रचनेला पहिल्यांदा स्थान मिळालं 2017 मध्ये. ऑस्करला तर ते 2027 च्या चित्रपटांपासून मिळणार आहे. नृत्यदिग्दर्शकाचं नाव गाण्याबरोबर घेतलं जातं. फाइट मास्टरचं नाव येईपर्यंत लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात. ज्या कामाला नावच नाही, त्यात शैली कशी घडेल? कुणाची मारामारी कुठली, हे प्रेक्षकाला ओळखता यायला लागलं तर कट मारून झाकण्याची गरजच उरणार नाही.

आता आपल्या घरचं. मराठीत गेल्या आठ-दहा वर्षांत शिवकालीन चित्रपटांची रांग लागली. त्यांच्यामागच्या भावनेबद्दल मला शंका नाही. मीही ‘हर हर महादेव’ म्हणत उठून उभा राहिलोय. पण त्यांतल्या लढाया बघताना माझा जीव तुटतो, कारण आपल्याकडे जे आहे ते आपणच वापरत नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आजही चालतात. दांडपट्टा घ्या. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचा लोखंडी हातमोजा. मनगट त्यात जखडलेलं. म्हणून तलवारीसारखं मनगटातून फिरवताच येत नाही, खांद्यातून, कमरेतून, सगळ्या अंगाला वळण देऊन चालवावं लागतं. एकट्या माणसानं चौघांना लांब ठेवायचं हत्यार आहे ते. विटा हा दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि परत ओढून घ्यायचा. दहा-बारा वर्षांच्या मुली हे पेठेतल्या चौकात करताना मी पाहिल्यात. लोक जागेवर खिळतात. जगातल्या कुठल्याही दिग्दर्शकाला हे मिळालं असतं तर त्यानं त्यावर अख्खा चित्रपट उभा केला असता. आपल्या पडद्यावर दांडपट्टा येतो तो दोन सेकंद, संथ गतीत, मागे ढोल आणि समोर संगणकानं उडवलेलं रक्त. तो कसा चालतो हे दाखवायला कुणी थांबत नाही.

मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल नावाचा आपलाच माणूस तलवारबाजीच्या स्टंटपटांचा देशातला मोठा नायक होता. 1931 साली पहिल्या भारतीय बोलपटाचा नायकही तोच. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही. जमत होतं.

आणि पावनखिंड. 13 जुलै 1660. लहानपणी शाळेत हा धडा आमच्या बाईंनी शिकवला तेव्हा त्यांनी फळ्यावर खडूनं दोन तिरप्या रेघा काढल्या आणि मध्ये बोटभर जागा ठेवली. ही खिंड, म्हणाल्या. पलीकडे एवढी मोठी फौज, अलीकडे बाजीप्रभू आणि थोडे मावळे. एका वेळी या फटीतून किती माणसं येऊ शकतील, सांगा बरं? कुणी म्हणालं पाच, कुणी म्हणालं दहा. मग आम्ही वर्गातल्या दोन बाकांच्या रांगांमध्ये उभं राहून बघितलं. तिघांतच दाटी झाली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मूठभर माणसं हजारांना कशी अडवू शकतात, आणि मागून तोफेचे आवाज येईपर्यंत का थांबायचं होतं.

मी पडद्यावर ती लढाई पाहिली आहे. ढग होते, चिखल होता, आरोळ्या होत्या, डोळ्यांत पाणीही आलं. पण खिंड किती रुंद होती, एका वेळी किती जण समोर येत होते, पहिल्या तासानंतर पट्टा धरलेला हात किती जड झाला होता, पायाखालचा उतार कुणाच्या बाजूनं होता, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आमच्या बाईंनी ते खडूच्या दोन रेघांत दाखवलं होतं.